घोंगडीची फ्लॅट कॅप

विश्रामबागेत मी टोप्या शिवते. जुन्या सिनेमात साहेब लोक घालायचे तसल्या चपट्या, पुढे आखूड टोक असलेल्या फ्लॅट कॅप. चौकटीचं कापड असेल तर माथा एकाच तुकड्याचा, म्हणजे चौकटी मोडत नाहीत. साधं जाड कापड असेल तर आठ कळ्या, म्हणजे आठ तिकोनी तुकडे, आणि मधोमध बटण. हे मी गिऱ्हाइकाला ठरवू देत नाही. माझ्या दुकानात माझंच खरं, असा माझा स्वभाव.

गेल्या हिवाळ्यात जतकडचा एक माणूस आला, सैन्यातून निवृत्त झालेला. पिशवीतून त्याने काळी घोंगडी काढली. त्याचे वडील मेंढरं राखायचे, त्यांची होती. ते जाऊन वर्ष झालं होतं.

"ताई, ह्यातनं टोपी करा. लय थोडं कापा. आईला सांगितलं न्हाई अजून. टोपी बघितली की तिलाबी आवडंल."

मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण असली लोकर हातात आली आणि मला मोह आवरला नाही. घोंगडी एका टोकाला झिजून पातळ झाली होती, दुसरं टोक नव्यासारखं जाडजूड. मी जाड टोकाकडून ऐटीत आठ कळ्या कापल्या.

आणि तिथंच फसले. कापलेल्या कडांमधून सूत सुटायला लागलं. आठ जोड माथ्यावर एकत्र आले तिथे सुपारीएवढा गठ्ठा झाला. दोन सुया मोडल्या. उसवून पुन्हा शिवावं तर कळ्या हातातच लहान होत गेल्या. आता घोंगडीला दुसऱ्यांदा कात्री लावायची, तीही त्याच्या आईला काहीच माहीत नसताना, हे मला पटेना. मी फोन करून झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईला घिऊन येतो. आता लपवून उपेग न्हाई."

दोन दिवसांनी दोघं आले.

त्याची आई खुर्चीवर बसली नाही. तो दाराशीच थांबला. मी टेबलावर घोंगडी पसरली. कापलेल्या जागेवरून त्याच्या आईने बोट फिरवलं.

"कुनी कापलं?"

"मी, मावशी."

"पायाकडनं?"

मला कळेना.

"बाई, ह्यो काठ त्यास्नी पायाकडं असायचा. चिखुल, लेंड्या समदं ह्यालाच. त्येची टोपी करून माज्या लेकाच्या डोक्यात घालनार हुतीस व्हय?"

माझे कान तापले. चांगलं कापड निवडलं म्हणून मीच बोलणी खायची का, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि लाज वाटली. कापडाची उलटी-सुलटी बाजू बघितल्याशिवाय मी कधी कात्री उचलत नाही, आणि इथे हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

मावशींनी झिजलेल्या टोकाची खोळ केली आणि पावसात मेंढके घेतात तशी स्वतःच्या डोक्यावरून घेतली. मग टाळूवर बोट ठेवलं. "हितनं घे. हे त्यांच्या डोईवरचं हाय."

मी खडूने खूण केली. तिथली लोकर पातळ होती, पण वर्षानुवर्षं पाऊस पिऊन इतकी दाटून बसली होती की एक सूत सुटलं नाही. कळ्या नाहीत, बटण नाही, माथ्याला एकच तुकडा. मावशींनी कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं होतं. मी त्यांच्या हातांमधून हळूहळू कापलं.

चार वाजता टोपी झाली. लेकाने हात पुढे केला. मावशींनी ती माझ्याकडून घेतली आणि पदरावरून स्वतःच्या डोक्यावर घातली.

"आई, माजी हाय ती."

"तुला मागनं," त्या म्हणाल्या. "तू मला इचारलं न्हाईस."

आणि तशाच बाहेर जाऊन रिक्षात बसल्या.