नळ खालच्या आळीत

साठचं दशक संपत आलं होतं, तेव्हा डोंगरीच्या शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली. मी रत्नागिरीकडची, अविवाहित. गावात ओळखीचं कुणी नव्हतं. एका विधवा म्हातारीकडे खोली मिळाली. जेवायलाही तिच्याकडेच.

त्या वर्षी गावाला पहिला नळ मंजूर झाला. एकच. आमच्या वरच्या आळीला तो हवा होता, खाडीकडच्या खालच्या आळीलाही. दोन बैठका भांडणात गेल्यावर सरपंच शाळेत आले.

"बाई, तुमचं हितं कोन न्हाय. तुमी सांगाल तितं बसवू."

मान वाटला, आणि टोचलंही.

घरी म्हातारी म्हणाली, "पोरी, आपल्या दाराशी येल ना गो नळ? माजं गुडघं गेलं." पाणी ओढून माझीही पाठ दुखायची.

रविवारी दोन्ही आळ्या हिंडले. आमची विहीर उन्हाळ्यात तळ गाठायची, पण पाणी गोड होतं. खाली सगळं पाणी खारं. तिथल्या बायका आमच्याच विहिरीवर येत, आमचं भरून होईपर्यंत थांबत. एक गरोदर बाई चढावावर हंडा टेकवून दम खात होती.

बैठकीत मी सांगितलं, नळ खाली बसवा.

म्हातारीनं माझं जेवण बंद केलं नाही. ताट उंबऱ्याशी ठेवायची आणि आत निघून जायची. खालच्या आळीतून एक जण पापलेट घेऊन आला. "हे नको. मी तुमच्यासाठी नाही केलं," मी म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. मग तिकडूनही कुणी फिरकलं नाही. आज वाटतं, एक मासा घेतला असता तर न्याय काही नासला नसता.

दिवाळीत म्हातारी मला न सांगता लेकीकडे गेली. मी स्टोव्हवर भात लावला आणि विचार करत बसले. मी निःपक्ष होते, की नुसती एकटी? ज्याचं कुणीच नाही, त्यानं कुणाची बाजू घेतली नाही, यात मोठेपणा कसला? पण म्हातारी होती ना माझी. तेवढं एक माणूस मी पणाला लावलं होतं.

एप्रिलमध्ये विहीर आटली. मी खालच्या नळावरून म्हातारीचाही हंडा आणू लागले. आठवड्याभरानं तिनं दारातून हाक मारली, "बाई, आत या जेवाला."

नळाच्या बैठकीआधी ती मला पोरी म्हणायची. मी आत जाऊन जेवले. चार वर्षांनी गाव सोडलं, तोवर मी बाईच राहिले.