तोंडी माप आणि वहीतलं माप

टेलरबाईंच्या दुकानात माप दोनदा होतं, एकदा तोंडाने आणि एकदा हाताने. बाई कमरेला फीत लावून मोठ्याने म्हणतात, "चौतीस." कापड बेतत बसलेले त्यांचे यजमान, म्हणजे मास्तर, वहीत मुकाट्याने छत्तीस लिहितात. गिऱ्हाईक खूश आणि कपडाही अंगात जातो. माझी स्वतःची कंबर गेली दहा वर्षं चौतिसावर थांबलेली आहे. कुणाचं मन दुखेल असा आकडा बाईंच्या तोंडून निघतच नाही.

हाच स्वभाव बरोबर घेऊन त्या मूल होण्याच्या उपचारांसाठी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टर मॅडमनी वय विचारलं. बाई म्हणाल्या, चौतीस. लग्नाला किती झाली? सहा वर्षं. घरात कुणाला मोठा आजार? मावशीला जरा पोटाचा त्रास होता. मॅडमनी ऐकलं तसं लिहिलं. शेजारी मास्तरांच्या हाती वही नव्हती, त्यामुळे त्यांची बोटं नुसतीच गुडघ्यावर चालत होती.

मावशीचा तो 'जरा त्रास' म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर. त्यातच ती गेली. त्यात नणंदेने फोनवर काहीतरी वाचून कळवलं होतं की ही इंजेक्शनं घेतली की कॅन्सर होतोच. नणंदेकडे आलेलं ज्ञान तिथे मुक्काम करत नाही. बाईंची झोप उडाली. इंजेक्शन घ्यावं तर मावशी डोळ्यांपुढे येते, आणि मावशीचं सांगावं तर मॅडम उपचारच नाकारतील. मूल तर हवंच होतं. म्हणून त्यांनी मावशीचा आजारही दोन इंच आत घेतला.

दुसऱ्या खेपेला मॅडम इंजेक्शनं लिहून देणार, एवढ्यात मास्तर खाकरले. गिऱ्हाइकासमोर बायकोचं माप त्यांनी कधी खोडलं नव्हतं.

"मॅडम, हिच्या प्रत्येक आकड्यात दोन मिळवा. आणि मावशीला कॅन्सर होता. अंडाशयाचा."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की कात्रीशिवाय कापडाचं ठाण फाटावं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. आता फाईल मिटणार, असं बाईंनी धरूनच चाललं.

फाईल मिटली नाही. मावशी सख्खी का, आजार कितव्या वर्षी झाला, आणखी कुणाला होता का, एवढं मॅडमनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, या इंजेक्शनांनी कॅन्सर होतो असं आजवरच्या बहुतेक अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही, पण अजिबात धोका नाही अशी हमीही कुणी देऊ शकत नाही. ज्यांना मूल होत नाही त्यांच्यात अंडाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण मुळातच थोडं जास्त आढळतं, आणि बोल मात्र इंजेक्शनाच्या सुईला लागतो. मावशीची गोष्ट मात्र महत्त्वाची. तेव्हा आधी तपासण्या, मग इंजेक्शनं.

बाईंच्या चेहऱ्यावरचा संशय काही जाईना.

"मॅडम, हे तुम्ही तोंडाने सांगताय ते, की वहीत लिहिणार ते?"

मॅडमना काही कळेना. मास्तरांनी धंद्यातली खुबी समजावून दिली. मॅडमनी हसू दाबून सगळं लिहिलं आणि फाईल बाईंसमोर फिरवली. बाईंनी ओळीओळीवर बोट ठेवून वाचलं.

"म्हणजे उपचार बंद नाहीत?"

"थांबलेत. बंद नाहीत."

"मग तपासणी आजच करा," बाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत माझा धीर उसवेल."

त्यांनी कोरा फॉर्म मागून घेतला आणि सगळं खरं लिहिलं. मास्तर खांद्यावरून वाचत होते. वयापाशी ते अडखळले. चौतीस अधिक दोन छत्तीस, हा त्यांचा हिशेब. फॉर्मवर अडतीस होते. आणि मास्तर स्वतः सदतीस. इतकी वर्षं त्यांनाही तोंडी मापच मिळालं होतं.

"अगं, म्हणजे तू माझ्यापेक्षा मोठी?"

"आठ महिन्यांनी. जरा सरका, उजेड अडतोय."

तपासण्यांचे रिपोर्ट चांगले आले आणि इंजेक्शनं सुरू झाली. मास्तर हल्ली बाईंना 'अहो' म्हणतात, वडीलधाऱ्या माणसाला म्हणावं तसं.