ताटकळलेले तपासणी अधिकारी

गरीब घरांतल्या बायकांना शिवणकाम शिकवणाऱ्या आमच्या धायरीच्या संस्थेत अनुदानाच्या तपासणीला आलेल्या साहेबांचा अपमान झाला, असे आमचे कोथरूडचे विश्वस्त सांगत फिरतात. साफ खोटे. मी तिथे होतो, ते नव्हते.

साहेबांना मी त्यांच्या कचेरीत वरचेवर भेटतो. शिपायालाही ते ‘अहो, आपण बसा’ म्हणतात आणि कुणी शाल-श्रीफळ आणले, तर दारातूनच परत पाठवतात.

तपासणीच्या दिवशी इतर संस्था जुन्या विद्यार्थिनींना गोळा करून मशीनपुढे बसवतात. मी तसले नाटक करू दिले नाही. रिकामा वर्ग पाहून साहेबांच्या भुवया चढल्या. अनुदान अडले असते, तर वर्गाला कुलूप लागले असते.

“बायका कुठे आहेत?”

“शिकून आपापल्या कामाला लागल्या. चला, दाखवतो.”

चौकातल्या भाड्याच्या गाळ्यात आमची एक विद्यार्थिनी ब्लाउजचे माप घेत होती. मान वर न करता ती म्हणाली, “थांबावं लागेल, साहेब. गिऱ्हाईक आहे.”

साहेब भर उन्हात निमूट उभे राहिले. शेजारी मीही ताठ मानेने उभा राहिलो.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “सरकारी माणसाला ताटकळत ठेवते, म्हणजे बाई स्वतःच्या पायावर उभी आहे. करतो शिफारस.”