स्टिअरिंगचा घासलेला जोड

ती घटना आठवली की आजही माझ्या कपाळाला आठ्या पडतात. खून नाही, दरोडा नाही. बंद पडलेल्या एका जुन्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची चोरी. पण या प्रकरणानं आमच्या ठाण्याचा जितका जीव खाल्ला, तितका कुठल्या दरोड्यानं खाल्ला नाही.

तेव्हा मी वसमत तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कुरुंद्याजवळच्या एका गावातून एक विधवा शेतकरी बाई तक्रार घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून हळद-सोयाबीनचं रान त्याच कसत होत्या आणि त्याचा जुना ट्रॅक्टरही स्वतःच चालवत होत्या. इंजिनाचं काम निघालं म्हणून तो गोठ्यामागं उभा होता. बाई माहेरी लग्नाला गेल्या आणि परत येऊन पाहतात तर स्टिअरिंग, डिझेल पंप आणि पुढची जाळी गायब.

आमचे हवालदार म्हणाले, "भंगार गेलं समजा, बाई."

"भंगार काहून म्हणता? दुरुस्त करून पेरणीला काढणार होते मी. आता काय दिराच्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसू? त्याचं मन होईल तवा तो येणार, तवर रान वाळून पेरणीचा वापसा निघून जाईल."

गुन्हा दाखल करून घेतला.

खबर आखाडा बाळापूरहून आली. बाजारात बसणारा आमचा खबऱ्या म्हणाला, "साहेब, इथं एक रिटायर इंजिनिअर जुना ट्रॅक्टर नव्यानं उभा करून राहिला. कंपनीचाच माल पाहिजे म्हणतो, डुप्लिकेटला हात लावत न्हाई." ट्रॅक्टर त्याच मॉडेलचा होता. तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही त्या इंजिनिअरांच्या शेडवर पोहोचलो.

तिन्ही वस्तू तिथंच होत्या, पण घासूनपुसून, रंग मारून. मी विचारलं, "पंप कुणाकडून घेतला?"

"आधी हा नंबर बघा," इंजिनिअर म्हणाले. "कंपनीच्या मालावर नंबर साच्यात ओततानाच उठलेला असतो. डुप्लिकेटवर तो मागून ठोकलेला असतो. बोट फिरवून बघा."

मी बोट फिरवलं. "बरं, पण कुणाकडून घेतला?"

"त्याआधी हे बोल्टचं डोकं बघा. यावर कंपनीची खूण आहे."

असा बराच वेळ गेला. जुन्या रंगाखालचा मूळ रंग कसा ओळखायचा, ओरिजिनल जाळीचा पत्रा किती जाड असतो, हे सगळं झालं. माझा शिपाई तर डोळे मिटून मान हलवत होता. शेवटी कळलं की हा माल एका भंगारवाल्याकडचा आहे.

भंगारवाल्याला बोलावलं. त्याचं एकच पालुपद. "साहेब, दिवसभर लोक माल आणून टाकत्यात. कुणाकुणाचं तोंड ध्यानात ठेवू?" उलटसुलट विचारलं, पण तो हलला नाही.

मग पंचांसमक्ष ओळख पटवण्यासाठी बाईंना शेडवर आणलं. त्या स्टिअरिंगकडं पाहतच राहिल्या. "असंच होतं, साहेब. पण हेच का, कसं सांगू? एवढं चकचकीत तर ते माह्या लग्नातबी नव्हतं."

इंजिनिअर लगेच म्हणाले, "कंपनीचा भाग सगळीकडे एकसारखाच असतो. हा यांचाच, हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही." माणूस बरोबर बोलत होता, म्हणून तर जास्त राग येत होता. मी पंचनामा आवरायला सांगितला.

तेवढ्यात बाईंनी स्टिअरिंगखाली हात घातला. "आमच्याला खालून जोड होता. ट्रॅक्टर बांधावरून घसरला तवा स्टिअरिंगची दांडी मोडली होती. ह्यांनी वेल्डिंग करून आणलं होतं." आम्ही वाकून पाहिलं. दांडी गुळगुळीत होती.

इंजिनिअर काही सांगायला पुढं झाले. त्यांचा वकील पुतण्या शेजारी उभा होता. त्यानं हळूच त्यांची बाही ओढली.

"होता जोड," ते म्हणाले. "कंपनीचा नव्हता म्हणून मीच घासून काढला आणि वरून रंग मारला."

मी त्यांना सावध केलं, "विचार करून बोला. चोरीचा माल घेणाराही आरोपी होऊ शकतो."

ते माझ्यावरच डाफरले, "जोड होता, तर नव्हता कसं म्हणू?" आणि स्वतःच पॉलिश पेपर घेऊन रंग खरवडायला बसले. खाली वेल्डिंगची वेगळ्या रंगाची रेघ स्पष्ट दिसली. पंचांच्या सह्या झाल्या.

ती दांडी समोर ठेवून माल चोरीचाच असल्याचं सांगितल्यावर भंगारवाल्याला एकाएकी सगळं आठवलं. माल आणणारा बाईंचा सख्खा दीर होता.

दीर आधी म्हणाला, "गंजून राहिलं होतं, साहेब. भंगारच की."

"मग भावजयीला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तिनं देलं असतं का?" मग हळूहळू बाकीचंही निघालं. बाईमाणसानं ट्रॅक्टर हाकावा, हे त्याला खपत नव्हतं. पेरणीला तिनं आपल्या दारात यावं, एवढीच त्याची हौस होती.

मग ठाण्यात नातेवाइकांची रीघ लागली. घरातलं आहे, घरात मिटवू, असं जो तो म्हणे. बाईंनी एकदाच उत्तर दिलं, "घरातलं होतं तर घरात विचारायचं होतं."

कोर्टाच्या आदेशानं वस्तू सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करायच्या अटीवर, बाईंच्या ताब्यात दिल्या. पंप बसवायला इंजिनिअर स्वतः गेले. पेरणी बाईंनीच केली.

माल चोरीचा हे इंजिनिअरांना माहीत नव्हतं, म्हणून खटल्यात ते आमचे साक्षीदार होते. आरोपीच्या वकिलानं त्यांना विचारलं, "ती गंजाची रेघ असू शकते ना?" त्यावर त्यांनी न्यायाधीशांना गंज आणि वेल्डिंग यांतला फरक समजावायला घेतला. थोडक्यात सांगा म्हटलं, तरी त्यांनी थोडक्यात सांगितलं नाही. दिराला शिक्षा झाली.

नोकरीत मला गोड बोलणारे साक्षीदार पुष्कळ भेटले. त्यातले कितीतरी कोर्टाच्या पायरीवर जबाबावरून फिरले. या माणसाला मात्र बोल्टबद्दलही खोटं बोलता येत नव्हतं आणि आमचा जीव त्यानं खाल्ला तो त्याच स्वभावापायी. हे लक्षात आल्यापासून वैताग आणणाऱ्या माणसाचं म्हणणं मी शेवटपर्यंत ऐकून घेऊ लागलो.

निकालानंतर कोर्टाबाहेर मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "ते असू द्या. तुमच्या दोषारोपपत्रात पंपाचं नाव चुकलंय." आणि ते कसं चुकलं, हे सांगायला त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सुरुवात केली.