बाणपाखराचा डोळा

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कापड कंपनीत मी एकोणीस वर्षं डिझाइन काढली. पदरावरचे मोर, ड्रेसच्या कापडावरची पानं, सगळं हाताने. मग एके वर्षी डिझाइनचं काम पूर्ण कॉम्प्युटरवर गेलं आणि आम्ही सहाजणी घरी बसलो.

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या वहिनींनी तेव्हा घर नव्याने करायला घेतलं होतं. त्यांना हॉलमध्ये पक्ष्यांची जुनी चित्रं लावायची होती, साहेबाच्या काळातल्या जाडजूड पुस्तकांत असायची तशी. "छापील मिळतात गं, पण ती चकाकतात नुसती," त्या म्हणाल्या. "तू हाताने काढून दे ना." मी त्यांना तांबट काढून दिला, मग हळद्या. ती भिंत बघून पार्ल्याहून कुणी विचारलं, मग मुलुंडहून. वर्षभरात मी तीसेक पक्षी उतरवले. मूळ चित्रात एक पीस वाकडं असेल तर माझंही वाकडं. हुबेहूब नक्कल, याचाच मला अभिमान होता.

मग एक काका आले. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. जन्म नॅशनल पार्कात वनरक्षक म्हणून गेलेला, आता निवृत्त. बायको पडली होती, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. "तिच्या समोरच्या भिंतीवर लावायचंय," ते म्हणाले. "स्वर्गीय नर्तक. आमच्या क्वार्टरच्या मागे ओढ्यावर यायचा. ती भांडी घासायची आणि तो वर बसायचा."

माझी आई याच पक्ष्याला बाणपाखरू म्हणायची. काळं डोकं, पांढरं अंग आणि हातभर लांब शेपटीच्या दोन फिती. मी जुन्या पुस्तकातलं चित्र निवडलं आणि बारा दिवस त्यावर बसले. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

काकांनी चित्र खिडकीपाशी नेऊन बघितलं. "काम झकास आहे," ते म्हणाले. "पण बाई, हा पक्षी मेलेला आहे."

मला झोंबलंच ते. "मूळ चित्रात असाच आहे, काका. वाटल्यास ताडून बघा."

"मग मूळही मेलेलाच. तेव्हा पक्षी मारायचे, पेंढा भरायचे आणि समोर ठेवून काढायचे. पिसांचा रंग टिकतो. चोचीचा आणि डोळ्याच्या कडेचा उडून जातो. तुम्ही ते काळपट काढलंय. जिवंत पक्ष्याचं निळं असतं."

ते गेल्यावर मी नवऱ्याकडे चिक्कार कुरकुर केली. तो शांतपणे म्हणाला, "मग जाऊन बघ ना. पार्क काय लंडनला आहे?"

खरंच, वीस वर्षं पार्कापासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहत होते आणि तीस पक्ष्यांपैकी एकही मी झाडावर पाहिला नव्हता. डिसेंबर होता. मी काकांना फोन केला.

पहिल्या सकाळी काही दिसलं नाही. दुसऱ्या सकाळी माकडाने माझी बिस्किटं पळवली. तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठी बसून पाय आखडले होते, तेवढ्यात काकांनी माझ्या बाहीला हात लावला. बांबूवरून काहीतरी पांढरं सुटलं, पाण्यात बुडी मारून परत वर बसलं आणि अंग झटकू लागलं. मी काकांची दुर्बीण डोळ्याला लावली. डोळ्याभोवती निळं कडं होतं. आकाशाचं नाही, मोराचंही नाही. एकोणीस वर्षं रंग कालवले, पण हा निळा माझ्या हातून कधी निघाला नव्हता. मला एकदम रडू आलं. काका दुसरीकडे बघत राहिले.

तो निळा कालवण्यात चार दिवस गेले. बैठक, फांदी, शेपटीचा डौल मी जुन्या चित्रातलाच ठेवला. फक्त चोच आणि डोळा ओढ्यावरचा.

नवं चित्र घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. तोंडाने एकदम फटकळ. "तुझं पहिलं चित्र याने नापास केलं ना?" त्या म्हणाल्या. "मनावर नको घेऊ गं. चाळीस वर्षं माझी भाकरी नापास करतोय." मग त्यांनी चित्र जवळ ओढून घेतलं. म्हणाल्या, "हाच तो. आणि मादी कुठाय?"

"मादी?"

"विटकरी असते, आखूड शेपटीची. घरट्यावर तीपण बसते. पण भिंतीवर कोण लावणार तिला!"

मी मादीही काढली. काकूंनी ती नराच्या वर लावून घेतली. आता गिऱ्हाइकाला मी आधीच विचारते, पुस्तकातला डोळा हवा की पार्कातला? बहुतेक जण पार्कातला मागतात. तो बघायला मला पहाटे उठावं लागतं, आणि नवरा डब्यात पोहे भरून देतो.

काकूंनी मात्र पुन्हा चालायचा हट्टच धरला. आधी पलंगाच्या कडेला, मग वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत. डॉक्टर जपून म्हणत होते, त्या ऐकत नव्हत्या. गेल्या जानेवारीत आम्ही तिघं पार्कात गेलो. गेटपासून पहिल्या बाकापर्यंत पोचायला अर्धा तास लागला. बाणपाखरू काही आलं नाही. समोरच्या उंबरावर एक तांबट टुक टुक करत राहिला.

"पुढच्या खेपेला ओढ्यापर्यंत," काकू म्हणाल्या आणि माझ्या डब्यातले पोहे संपवून टाकले.