कंपनीतले सर्वांत तिखट कान

सिन्नरच्या एमआयडीसीत पत्रे दाबायच्या प्रेसवर आम्ही कंत्राटी होतो. काही महिने राबवायचं, मग ब्रेक द्यायचा आणि साहेबांची मर्जी असेल तर परत घ्यायचं, ही तिथली रीत. सुरक्षा सप्ताह आला आणि जाहीर झालं, की कानांची तपासणी होणार. ज्याचे कान बाद, त्याला ब्रेकनंतर बोलावणार नाहीत. ज्या मशीनने कान बाद केले, तिला कुणी ब्रेक दिला नाही.

माझा दिंडोरीचा रूममेट धास्तावला. मोठ्या प्रेसवर राहून त्याचा डावा कान केव्हाच गेला होता.

"इथून काढलं तर परत द्राक्षावर फवारणी," तो म्हणाला. "त्या औषधानं लय गरगरतं मला."

तपासणीचं टेबल प्रेसच्या अगदी शेजारी मांडलं, कारण बाकी जागेत सुरक्षेची रांगोळी काढली होती. प्रॉडक्शन थांबवायचा तर प्रश्नच नव्हता. तपासणाऱ्या ताईंनी आधी स्वतःच्या कानात कापूस घातला, मग आमच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करा, हे त्यांनी खुणेनंच सांगितलं. मी शहाण्यासारखे डोळे मिटून घेतले. ऐकू आली ती फक्त प्रेस. मी नापास.

रूममेट डोळे टक्क उघडे ठेवून बसला. बटण दाबताना ताईंची मान जराशी हलते, हे त्यानं रांगेतच हेरलं होतं. मान हलली की त्याचं बोट वर. एकदाही चुकला नाही.

समारोपाला साहेबांनी त्याला गुलाबाचं फूल दिलं, ‘कंपनीतले सर्वांत तिखट कान’ म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या आणि ब्रेक न देता पुन्हा मोठ्या प्रेसवर ठेवलं. त्यानं कानात घालायचे प्लग मागितले.

"तुला रे कशाला?" साहेब म्हणाले. "ते नाजूक कानवाल्यांना."

मला, ठणठणीत कानांच्या माणसाला, घरी बसवलं. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला.

दुसरं काम शोधत मी रूमवरच राहिलो होतो. पुढे एका रविवारी त्याच्या आईचा फोन आला. त्यानं तो उजव्या कानाला लावला, "हॅलो, हॅलो" केलं, आवाज पूर्ण वाढवला.

"रेंजच नाय राव इथं," म्हणत मोबाइल माझ्या हातात दिला.

"जेवला का रं?" ती माउली अगदी स्पष्ट विचारत होती.

तो जेवला, असं मीच सांगितलं.