पिशवी पुरती रिकामी करा

शैलाताईंनी इंदिरानगरातल्या आपल्या मेडिकलवर पाटी लावली त्याला आता वर्ष झालं. दर बुधवारी दुपारी चार ते सहा, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, तपासून देऊ. वर्षभरात त्यांना एवढंच कळलं होतं, की 'सगळी' म्हणजे सगळी, हे माणसांच्या डोक्यात शिरत नाही. कुणी नुसती डॉक्टरची चिठ्ठी आणायचं, कुणी रिकाम्या स्ट्रिपा. एका साहेबांनी तर गोळ्यांचा फोटो आणला, तोही हललेला.

गोटीरामबाबा आले ते लेकीच्या, शुभांगीच्या धाकाने. दिंडोरीला त्यांची द्राक्षबाग. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इथे इंदिरानगरात लेकीकडे. गेल्या आठवड्यात ते दोनदा घामाघूम होऊन बागेत कोसळले होते, आणि दुसऱ्या वेळी शेजारी ट्रॅक्टर चालू होता.

"सगळ्या आणल्यात ना, बाबा?"

"हायेत तेवढ्या आणल्या."

पिशवीतून तीन स्ट्रिपा निघाल्या. शैलाताईंनी पिशवी उलटी करून झटकली, तेव्हा सदऱ्याच्या खिशातून चौथी निघाली.

"ही दिंडोरीच्या डॉक्टरची. रोजचीच हाय, ती काय दाखवायची?"

शैलाताईंचं डोकं तडकलं. दिंडोरीच्या आणि इंदिरानगरच्या डॉक्टरांनी साखरेची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने लिहून दिली होती आणि बाबा दोन्ही इमानेइतबारे गिळत होते. साखर इतकी उतरल्यावर माणूस पडणार नाही तर काय करणार?

त्यांनी इंदिरानगरच्या डॉक्टरांना फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने अकरा मिनिटं ताटकळत ठेवलं. मग डॉक्टर आले आणि म्हणाले, "तुम्ही गोळ्या विका, कुठली द्यायची ते मी बघतो." शैलाताईंनी राग गिळून ट्रॅक्टरची हकीकत सांगितली. डॉक्टरांचा आवाज उतरला. "माझी गोळी बंद करा त्यांची. उद्या पाठवून द्या."

एवढं करून बाबा ऐकतील तर शपथ.

"एक पिवळी, एक गुलाबी. एकच कशी असंल? आन् इथली सोडली तर पोरगी रागावंल, तिकडली सोडली तर डॉक्टर. बावीस वर्सं बघतोय तो मला."

सव्वीस वर्षं काउंटरमागे काढलेल्या बाईने आता कपाळ बडवायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष बाबांच्या नखांकडे गेलं. नखांत फवारणीच्या मोरचुदाचा निळा रंग बसला होता.

"बाबा, बागेवर डावणीचा रोग आला आणि कृषी केंद्रवाल्याने दोन कंपन्यांच्या दोन बाटल्या दिल्या, तर दोन्ही एका टाकीत ओतता का?"

"येडा हाय का मी? आधी कन्टेंट, आत काय हाय ते वाचतो. नाव काय, कंपनी काय बी ठेवती. डबल डोस गेला तर पानं जळतील ना."

शैलाताईंनी दोन्ही स्ट्रिपा त्यांच्यापुढे सरकवल्या. बाबांनी चष्मा लावला, नावाखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. पहिली वाचली, दुसरी वाचली, मग परत पहिली.

"एकच हाय," ते म्हणाले. मग एकदम चिडले. "माझी द्राक्षं परदेशी जायच्या आधी लॅबला जातात. औषध जरा जास्त निघालं तर माल माघारी येतो. मला तपासायला कोन हाय?"

"पाटी कशाला लावलीय मग?" शैलाताईंचाही आवाज चढला. "आणि तरी तुम्ही खिशात लपवता."

मग बाबांनी दुसऱ्या खिशात हात घातला. शैलाताईंनी डोळे मिटून घेतले. पाचवी स्ट्रिप निघाली, कडा झिजलेली, रक्तदाबाची.

"ही माझ्या बायकूची, नवसाबाईची. ती गेली तवा उरली व्हती. तिच्या हातची वस्तू टाकवंना. डोकं जड झालं की एक घेतो." ते स्ट्रिपेकडेच बघत होते. "ही बी बंद करायची का, ताई?"

शैलाताईंच्या जिभेवर चांगलं खरमरीत वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"हो बाबा. ही पण."

उरलेल्या चार गोळ्या त्यांनी एकेक करून काढल्या, टाकायच्या औषधांच्या डब्यात टाकल्या आणि रिकामी स्ट्रिप बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती सदऱ्याच्या खिशात परत ठेवली.